‘अशेम्ड’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो वाक्यात कसा वापरावा?

‘अशेम्ड’ म्हणजे ‘लाजलेला’ असे सरसकट म्हणता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते म्हणता येणार नाही, आणि त्याचे कारण इंग्रजी शब्दापेक्षा आपल्या ‘लाज’ या शब्दात अधिक आहे. अनोळखी माणसांसमोर बोलायला मुलाला लाज वाटते, भर सभेत पाय घसरून पडल्यावर लाज वाटते आणि मित्राला फसवल्याचीही लाजच वाटते. इंग्रजीत मात्र पहिला ‘शाय’, दुसरा ‘एम्बॅरस्ड’ आणि केवळ तिसरा ‘अशेम्ड’ ठरतो.

‘जनाची नाही, तर मनाची तरी लाज बाळग’ असे आपण म्हणतो, त्यातच पुढच्या दोघांमधला फरक आला. कोणी पाहिलेच नसते तर जी लाज वाटली नसती, ती ‘एम्बॅरस्ड’ची, आपले वागणे आपल्यालाच कमीपणा आणणारे आहे हे जाणवून जी एकांतातही बोचते, ती ‘अशेम्ड’ची. ही वाटणी अगदी काटेकोर नाही, कारण ज्यात स्वतःचा काहीच दोष नाही अशा गरिबीबद्दल किंवा बोलण्याच्या ढबीबद्दलही माणसे ‘अशेम्ड’ असतात. तरीही भाषांतर करताना मी ‘शरमिंदा’ किंवा ‘ओशाळलेला’ हे शब्द आधी आठवून पाहतो.

वापरताना पहिली काळजी जागेची घ्यावी लागते. ‘अस्लीप’ आणि ‘अफ्रेड’ यांच्याप्रमाणेच हे विशेषण सहसा नामाच्या आधी येत नाही. ‘ॲन अशेम्ड बॉय’ हे कानाला खटकते, ‘द बॉय वॉज अशेम्ड’ हे योग्य. ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याआधी ‘ऑफ’ येतो, जसे ‘आय ॲम अशेम्ड ऑफ माय बिहेवियर’. ‘टू’ आला की अर्थ थोडा वळतो: ‘शी वॉज अशेम्ड टू आस्क फॉर हेल्प’ या वाक्यातून बहुधा असे सूचित होते की लाजेपायी तिने मदत मागितलीच नाही. (‘आय ॲम अशेम्ड टू से’ म्हणणारा मात्र जे सांगायचे ते सांगून मोकळा होतो.) दुसऱ्याच्या वतीने आपणच ओशाळलो असलो, तर ‘फॉर’ वापरतात.

‘आय ॲम शेमफुल’ ही चूक मी वारंवार ऐकतो. ‘शेमफुल’ म्हणजे लाजिरवाणे. ते कृत्य असते, आणि ते केल्याबद्दल ‘अशेम्ड’ होतो तो माणूस. ‘शेम ऑन यू’ ही सरळसरळ निर्भर्त्सना आहे, परंतु ‘व्हॉट अ शेम’ यात लाजेचा मागमूसही नाही. आपली गाडी चुकल्याचे ऐकून कोणी तसे म्हणाले, तर तो आपल्याला हिणवत नसून ‘अरेरे, वाईट झाले’ एवढेच म्हणत असतो.