प्रश्न तुमचे: विजेची गाडी, सोसायटीचं मीटर आणि गावातली डीपी

या अंकातले सगळे प्रश्न विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे. 'कोणती गाडी घेऊ?' अशी पत्रं बाजूला ठेवली आहेत. गाडी घेतल्यावर किंवा घ्यायच्या आधी जे आडवं येतं, तेवढंच इथे घेतलं आहे.

आमच्या सोसायटीत ६० फ्लॅट. तिघांनी चार्जर मागितले आहेत. उद्या वीस जणांनी मागितले तर रोहित्राला भार झेपणार नाही, म्हणून समितीने सगळेच अर्ज अडवून धरले आहेत. आमचं चुकतंय का?
*सोसायटीचे सचिव, पिंपरी*

भीती निराधार नाही, पण गणित चुकलं आहे. समितीने बहुधा ७.२ किलोवॅटचा चार्जर गुणिले २० असा हिशेब केला असेल. तो १४४ किलोवॅट होतो आणि तो पाहून कुणीही घाबरेल. आता दुसऱ्या बाजूने मोजा. शहरात गाडी दिवसाला ३५ किलोमीटर चालली आणि मीटरवरच्या एका युनिटला ६ किलोमीटर धरले, तर रोज ६ युनिट लागतात. वीस गाड्यांचे १२० युनिट. रात्री ११ ते सकाळी ६ या सात तासांत ते वाटून दिले तर सरासरी भार पडतो १७ किलोवॅट. १४४ आणि १७ यांच्यातला सगळा फरक सगळ्यांनी संध्याकाळी साडेसातला एकदम प्लग लावण्याचा आहे. नेमक्या त्याच वेळी लिफ्ट, पंप आणि एसी चालू असतात.

म्हणून चार्जर अडवू नका, वेळ आणि प्रवाह बांधून द्या. सोसायटीच्या मुख्य केबलवर सीटी (प्रवाह मोजणारं कडं) बसवून भार मोजणारी यंत्रणा मिळते. इमारतीचा भार वाढला की ती चार्जरचा प्रवाह कमी करते. एसी (म्हणजे घरातल्या उलटसुलट प्रवाहावरचा) चार्जर ६ अँपिअरपर्यंत खाली येऊ शकतो. त्याखाली चार्जिंग थांबतं. ६ अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. वीस गाड्या एकाच वेळी एवढ्यावर लावल्या तरी २८ किलोवॅट होतात आणि सात तासांत प्रत्येकीला साडेनऊ युनिट मिळतात, म्हणजे रोजच्या गरजेपेक्षा जास्तच. अट एवढीच की चार्जर नियंत्रण ऐकणारे हवेत. ज्याने त्याने मनाला येईल तो स्वस्त चार्जर आणला, तर ही यंत्रणा नुसती भिंतीवर लटकते. गाड्या आर, वाय, बी या तिन्ही फेजवर सारख्या वाटायच्या. सगळ्या एकाच फेजवर गेल्या तर ती फेज बसते आणि न्यूट्रल तापतो.

केबलबाबत काटकसर नको. मीटर रूमपासून पार्किंग ४५ मीटरवर असेल आणि ३२ अँपिअरचा चार्जर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर चालवला, तर जाऊन-येऊन साडेबारा व्होल्ट केबलमध्येच पडतात आणि ४०० वॉट उष्णता होऊन वाया जातात. तीच केबल १० चौरस मिलिमीटरची घेतली तर ५ व्होल्ट आणि १६० वॉट. हा तोटा रोज, तासन् तास होतो. तरीही केबल सहसा मधे जळत नाही, जळतं ते टोक. लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड) नीट दाबला नसेल, स्क्रू सैल असेल आणि सांध्याचा रोध ०.०२ ओम झाला, तर ३२ अँपिअरला त्या एका स्क्रूखाली २० वॉट, म्हणजे जवळजवळ सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता तयार होते. ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल तांब्याच्या बसबारला जोडताना बायमेटॅलिक लग वापरायचा, आणि पहिल्या आठवड्याच्या वापरानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे. वायरमन हे काम आपणहून करायला येत नाही, त्याला बोलवावं लागतं.

प्रत्येक चार्जरला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) लागते. साधी एसी टाइपची आरसीसीबी इथे चालत नाही. गाडीच्या बाजूने डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाची) गळती झाली तर ती आंधळी होते आणि खऱ्या फॉल्टला ट्रिप होत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय असेल तर टाइप ए पुरते, नसेल तर टाइप बी घ्या. अर्थिंग तपासताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्ट मोजा. दोन-तीनच्या आत असावेत. 'नवा चार्जर चालतच नाही' अशा तक्रारींत अनेकदा चार्जर धडधाकट असतो, इमारतीचं अर्थिंगच गंजलेलं असतं.

मीटरचे दोन मार्ग आहेत. केबल फ्लॅटच्याच मीटरवरून आणली तर खर्च कमी, पण घरगुती दराचे टप्पे लागतात. महिन्याला २५० युनिट वापरणारं घर गाडीचे १५० युनिट धरून ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात जातं. चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेतली तर टप्पे नाहीत, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन अशी वेगळी जोडणी मागण्याची तरतूद झाली आहे. महिन्याला हजार किलोमीटरच्या वर गाडी चालत असेल तर दोन्ही बाजूंचा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

देशातल्या सगळ्या गाड्या विजेवर गेल्या तर वीज पुरेल का? इथे तर शेतीपंपालाच आठ तास मिळते.
*एक शेतकरी वाचक, जळगाव*

युनिट पुरतील. अडचण तारेची आणि वेळेची आहे. वीस कोटी दुचाक्या रोज १५ किलोमीटर चालतात आणि एका युनिटला ३० किलोमीटर जातात असं धरलं, तर वर्षाला सुमारे ३६ अब्ज युनिट लागतील. पाच कोटी मोटारी रोज ३० किलोमीटर धरल्या तर आणखी ९० अब्ज. देशात वर्षाला १,८०० अब्ज युनिटच्या आसपास वीज तयार होते. म्हणजे दुचाक्या आणि मोटारी मिळून सात टक्के. ट्रक धरले तर हिशेब बराच फुगतो, पण ते उद्याच विजेवर जाणार नाहीत.

३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली होती. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते. ती सूर्यास्तानंतर जाते आणि मागणी मात्र राहते. गाड्या संध्याकाळी सातला लागल्या तर कोळशाची केंद्रं आणखी ताणावी लागतात. त्याच गाड्या दुपारी कामाच्या ठिकाणी लागल्या तर नव्या केंद्राची गरज बरीच कमी होते.

गावात अडचण आणखी जवळ येते, डीपीवर, म्हणजे गावच्या रोहित्रावर. १०० केव्हीएच्या डीपीवर आधीच घरं आणि गिरणी आहे. तिथे ७.२ किलोवॅटच्या सहा-सात गाड्या एकदम लागल्या तर चाळीस-पन्नास किलोवॅट वाढतात. उन्हाळ्यात रात्रीही हवा तापलेली असते, त्यामुळे रोहित्राचं तेल थंड व्हायला वेळच मिळत नाही आणि गुंडाळीचं इन्सुलेशन लवकर म्हातारं होतं. लाइनच्या शेवटच्या घरी १७०-१८० व्होल्ट मिळत असतील तर मोटारीचा चार्जर सारखा बंद पडेल. स्कूटरचा छोटा चार्जर मात्र बहुतेक वेळा निभावतो. गावात आधी दुचाकी आणि तीनचाकीच विजेवर जाणार, ते यामुळेच.

स्कूटरच्या चार्जरची पिन तपकिरी झाली आहे आणि सॉकेट गरम होतं. चार्जर बदलू का?
*एक वाचक, सोलापूर*

चार्जर नंतर, आधी सॉकेट बदला. जुन्या सॉकेटमधल्या पितळी पट्ट्यांची पकड गेली की पिनेला पूर्ण स्पर्श होत नाही आणि तिथे उष्णता होते. इस्त्री पंधरा मिनिटं चालते म्हणून निभावतं, चार्जर चार तास चालतो. १६ अँपिअरचं चांगल्या प्रतीचं नवं सॉकेट, मागे किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि मधे एक्स्टेन्शन बोर्ड नको. तपकिरी झालेली पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरू नका. तो प्लग किंवा केबलही बदलून घ्या.

बॅटरी ३० युनिटची. ठाण्याहून पुण्याला जाताना घाटात किती खाते? उतरताना परत मिळते म्हणतात, ते खरं का?
*एक वाचक, ठाणे*

खोपोली ते लोणावळा चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा. माणसं-सामान धरून १,७०० किलोची गाडी एवढी उचलायला अडीच युनिट लागतात, मोटर आणि इन्व्हर्टरचा तोटा धरून तीनच्या जवळ. म्हणजे बॅटरीचे दहा टक्के नुसत्या चढाला, रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा. उतरताना त्यातले दीडेक युनिट परत मिळतात.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. लोणावळ्यात मुक्काम करून सकाळी १०० टक्के भरलेल्या गाडीने घाट उतरायला लागलात, तर बॅटरीत जागाच नसते. रिजनरेशन (उतारावर वीज परत भरणं) जवळजवळ बंद असतं आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. तिथे ८५-९० टक्क्यांवर थांबवा. घाटात दोन तास अडकलात तर एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो, म्हणजे साधारण तासाला सहा ते नऊ किलोमीटर कमी. वेग त्यापेक्षा महाग पडतो. ८० ऐवजी १०० ने गेलं की खर्च पाव पटीने तरी वाढतो.

चार्जिंग स्टेशनवर '६० किलोवॅट' लिहिलेलं असतं, पण दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर वाट्याला अनेकदा ३० येतात. ८० टक्क्यांनंतर वेग गळतो, तेव्हा शंभर होईपर्यंत बसून राहू नका. आणि स्टेशन बंद निघालं तर पुढच्या स्टेशनपर्यंत पोहोचता येईल एवढा साठा शिल्लक असतानाच पहिल्या स्टेशनवर वळा. एवढं पाळलं तर ठाणे-पुणे प्रवासात चिंता करण्यासारखं काही नाही.

वीज कोळशाचीच. मग धूर फक्त पुण्याहून कोराडीच्या वीजकेंद्रात हलवला, एवढंच ना?
*एक वाचक, नागपूर*

एवढंच नाही, पण जाहिरातीत सांगतात तेवढंही नाही. देशात सरासरी एका युनिटमागे ०.७ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड पडतो. वहनातली गळती धरून आणि युनिटला ६ किलोमीटर धरून विजेची मोटार किलोमीटरला १४० ग्रॅमच्या आसपास येते. लिटरला १५ देणारी पेट्रोल गाडी, तेलशुद्धीकरण धरून, १८५ च्या जवळ. लिटरला २२ देणारी हायब्रिड मात्र १२५ वर येते, म्हणजे आजच्या ग्रिडवर तीच पुढे आहे. त्यात ३० युनिटची बॅटरी बनवतानाच अंदाजे दोन ते तीन टन पडलेले असतात. पेट्रोलच्या तुलनेत ते भरून निघायला पन्नासेक हजार किलोमीटर लागतात. वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्याने निव्वळ पर्यावरणासाठी गाडी बदलू नये. छतावर सौर पॅनेल असून दुपारी गाडी लावता येत असेल, किंवा गाडी टॅक्सीसारखी दिवसभर पळत असेल, तर हिशेब पार उलटतो. शिवाय चौकातला धूर जातो, तो फायदा वेगळा.

एसटीच्या विजेवरच्या गाड्या इतक्या सावकाश का येत आहेत?
*निवृत्त वाहक, धुळे*

पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि विजेवरची 'शिवाई' त्याच मार्गावर १ जून २०२२ ला. मधल्या काळात आगारात वीज लागायची ती दिवे आणि वर्कशॉपपुरती. आता पन्नास बसचं आगार धरा. बस किलोमीटरला एक-सव्वा युनिट घेते, दिवसाला २५० किलोमीटर धरले तर ३०० युनिट. पन्नास बसचे १५,००० युनिट रात्रीच्या सहा तासांत भरायचे, म्हणजे अडीच मेगावॅट. एवढ्यासाठी ११, २२ किंवा ३३ केव्हीची स्वतंत्र वाहिनी, आगारातच रोहित्रं, आणि उपकेंद्रापासून रस्ता खोदायच्या परवानग्या लागतात. बस आधी येतात आणि वाहिनी मागे राहते, असं होतं ते यामुळे. शिवाय बसइतके चार्जर नसतात. रात्री दोन वाजता भरलेली बस काढून रिकामी लावायला माणूस लागतो. तो वेळापत्रकात धरलेला नसेल तर सकाळची पहिली फेरी अर्ध्या चार्जवर निघते.

आम्ही वाळूजला गिअर आणि इंजिनाचे सुटे भाग बनवतो. पुढे काय?
*लघुउद्योजक, छत्रपती संभाजीनगर*

पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, सायलेन्सर यांची मागणी हळूहळू जाईल. ब्रेक, सस्पेन्शन, चाकं, दिवे राहतील. गिअरवाल्यांना संधी आहे, पण सोपी नाही. विजेच्या गाडीत गिअर थोडे, पण मोटर मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्या वर जाते आणि इंजिनाचा आवाज नसल्याने दातांची कुरकुर सरळ कानावर येते. डीआयएन ८ च्या प्रतीवर भागत होतं, तिथे ५-६ मागतात (आकडा लहान तेवढी अचूकता जास्त). त्यासाठी गिअर ग्राइंडिंग आणि मोजणीचं यंत्र लागतं. नुसतं हॉबिंग-शेव्हिंग (दाते कापणं आणि तासणं) पुरत नाही. शाफ्ट, ॲल्युमिनियम हाउसिंग, तांब्याचे बसबार हेही जवळचे भाग आहेत. मोटर जुळवणीत उतरायचं असेल तर चुंबकांचा धोका लक्षात घ्या. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला, तेव्हा आपल्याकडच्या दुचाकी उत्पादकांचीही पंचाईत झाली. फेराइट चुंबकाची मोटर वजनदार होते, पण तिला तो फास नाही.

पुरात स्कूटर रात्रभर पाण्यात होती. आता वाळली आहे, दिवेही लागतात. चार्ज करू का?
*एक वाचक, चिपळूण*

नाही. बॅटरीवर 'आयपी-६७' ही पाणी रोखण्याची प्रत लिहिलेली असली, तरी तिचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. रात्रभर गढूळ पाण्यात नव्हे. दिवे लागले म्हणजे बॅटरीच्या पेटीत पाणी गेलं नाही असं ठरत नाही. आत ओल आणि गाळ राहिला तर सेलमध्ये शॉर्ट व्हायला काही दिवसही लागू शकतात, आणि चार्जिंग त्याला निमित्त होतं. किल्ली फिरवू नका, चार्जर लावू नका, बॅटरी काढून घरात तर मुळीच नेऊ नका. गाडी घरापासून आणि इतर गाड्यांपासून १५ मीटर लांब उघड्यावर ठेवा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि टो करूनच अधिकृत केंद्रात पाठवा. तिथे इन्सुलेशन रेझिस्टन्सची तपासणी लेखी मागून घ्या.