सोनेतारणाचे 12 टक्के नेमके कोणासाठी?

वाळवा तालुक्यातल्या एका ऊस उत्पादक वाचकाने विचारलं आहे: घराचा स्लॅब टाकायला ऑक्टोबरमध्ये 3 लाख रुपये हवे आहेत. पत्नीचे दागिने तारण ठेवायचे ठरलं आहे. एका सोनेतारण कंपनीचा दर '12 टक्क्यांपासून' आहे आणि प्रोसेसिंग फी नाही. पत्रकात टप्पे दिले आहेत: व्याज 30 दिवसांत भरल्यास 12 टक्के, 60 दिवसांपर्यंत 15, 90 दिवसांपर्यंत 18, त्यापुढे 24. तालुक्याची नागरी सहकारी बँक सरसकट 13.5 टक्के सांगते, वर फी आणि मूल्यांकनाचे मिळून 1,500 रुपये. ऊसबिल आलं की सहा महिन्यांनी मुद्दल आणि व्याज एकदम भरून दागिने सोडवायचे आहेत. ऊसबिल अंदाजे 4 लाख, त्यावर सोसायटीचं 1,20,000 चं पीककर्ज. दोन म्हशींचं दूध डेअरीला जातं, पेंड कापून दर दहा दिवसांनी 2,200 रुपये हातात येतात. एक म्हैस जानेवारीत आटेल. वाचकाचा कल कंपनीकडे आहे.

नमस्कार.

तुम्ही पत्रात व्याजाचा हिशोब मांडून पाठवलात, हे फार बरं झालं, कारण चूक नेमकी कुठे आहे ते दिसलं. पहिले 30 दिवस 12 टक्क्यांनी 2,959 रुपये, पुढचे 30 दिवस 15 टक्क्यांनी 3,699, त्यापुढचे 30 दिवस 18 टक्क्यांनी 4,438 आणि उरलेले 90 दिवस 24 टक्क्यांनी 17,753. एकूण 28,849. गुणाकार अचूक आहे, पण कंपनी असा हिशोब करणार नाही. तुम्ही 180व्या दिवशी एकदम पैसे भरायला गेलात तर 24 टक्के पहिल्या दिवसापासून लागतील. तीन लाखांवर 180 दिवसांचे होतात 35,507 रुपये. तुमच्या आकड्यापेक्षा 6,658 जास्त.

हा गैरसमज होतो कारण टप्प्याटप्प्याने आकारणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाइट बिल येतं. पहिल्या 100 युनिटला कमी दर, 101 ते 300 ला त्याहून जास्त, पण तीनशेवं युनिट जाळलं म्हणून पहिल्या शंभराचा दर वाढत नाही. प्राप्तिकरही तसाच, ज्या तुकड्याला जो दर तो त्या तुकड्यापुरताच. कर्जाचे टप्पे बहुधा असे नसतात. गृहकर्जातसुद्धा 30 लाखांपर्यंत एक दर आणि वर दुसरा असं लिहिलेलं असेल, तर 32 लाखांच्या कर्जात पहिल्या 30 लाखांना स्वस्त दर मिळत नाही. अख्खं कर्ज दुसऱ्या रांगेत जातं.

सोनेतारणाचे टप्पे समजून घ्यायला तुमच्याकडे याहून जवळचं उदाहरण आहे, ते म्हणजे सोसायटीचं पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की शून्य टक्के पडतं, हे तुम्ही दरवर्षी करता. मुदत चुकली तर काय होतं? चुकलेल्या दिवसांपुरतं व्याज लागून भागत नाही, सवलतच जाते आणि व्याज उचल केल्या दिवसापासून मोजलं जातं. कंपनीचं पत्रक तसंच वाचा. तिथे कर्जाचा मूळ दर 24 टक्के आहे. 12 टक्के ही दर 30 दिवसांना व्याज भरणाऱ्याला मिळणारी सवलत आहे, काउंटरवर तिला 'रिबेट' म्हणतात. पत्रकावर सवलतीचा आकडा मोठा आणि मूळ दर तळाशी बारीक छापलेला असतो, म्हणून उलटं वाटतं.

टप्पा ओलांडण्याची किंमत एका दिवसाची असते, आणि ती मोठी असते. तुमच्याच तीन लाखांवर पाहा. तिसाव्या दिवशी व्याज भरलंत तर 2,959, एकतिसाव्या दिवशी 3,822. नव्वदाव्या दिवशी 13,315, एक्याण्णवाव्या दिवशी 17,951. एका रात्रीत 4,636 रुपये, म्हणजे तुमची दुधाची दोन बिलं.

आता दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवू. तुम्ही ठरवलंय तसं सहा महिने काहीच न भरता शेवटी एकदम दिलं, तर कंपनीचे 35,507. बँकेने दरमहा व्याज खात्यात टाकून त्यावर पुन्हा व्याज लावलं असं धरलं तरी 20,535 आणि वरचे 1,500 मिळून 22,035. म्हणजे 'स्वस्त' कर्ज 13,472 रुपयांनी महाग. दर 30 दिवसांना चोख व्याज भरलंत तर चित्र फिरतं: कंपनीचे 17,753, बँकेचे फीसकट 21,473. इथे कंपनी 3,720 ने स्वस्त. मधल्या शक्यताही तपासल्या. सहा महिन्यांत एकच हप्ता चुकला आणि दोन महिन्यांचं व्याज साठाव्या दिवशी एकदम भरलं, तर कंपनीचा खर्च 19,233, अजूनही बँकेपेक्षा कमी. सलग दोन हप्ते चुकून नव्वदाव्या दिवशी भरलं तर 22,192, इथे कंपनीचा फायदा संपला. पहिले दोन महिने नेमाने भरून नंतर थेट ऊसबिलाची वाट पाहिली तर 29,589.

म्हणून दर महिन्याला 2,959 रुपये, तेही ठरल्या दिवशी, तुमच्या घरातून निघतील का, यावर सगळं अवलंबून आहे. पगारदार माणसाला मी कंपनी घ्या म्हटलं असतं. तुमचं तसं नाही. दुधाचे महिन्याला 6,600 येतात, त्यावर घर चालतं, त्यातून तीन हजार काढायचे म्हणजे ओढाताण, पण डिसेंबरपर्यंत जमेल. जानेवारीत एक म्हैस आटली की दूध निम्म्यावर येईल आणि 3,300 मधून 2,959 व्याजाला जातील. हप्ता चुकायची वेळ आली तर ती तिथेच येणार, आणि तेव्हाच ऊसतोडीची अनिश्चितता सुरू असेल. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यावं असा कायदा आहे, पण तोडच एक महिना लांबली तर तो कायदा तुमच्या तारखेला वाचवत नाही. पावणेचार हजारांच्या फायद्यासाठी तेरा हजारांचा धोका घेऊ नये. माझा सल्ला बँकेचा आहे. सही करण्याआधी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत सोनेतारणाचा दर जरूर विचारा, तिथे 13.5 पेक्षा कमी मिळण्याची चांगली शक्यता असते.

दुसरी गोष्ट मला व्याजदराइतकीच महत्त्वाची वाटते. ऊसबिलाचे 4 लाख तुमच्या हातात येणार नाहीत. सोसायटीची वसुली कारखान्यातूनच कापली जाते. 1,20,000 गेले की उरतात 2,80,000. ती कपात टाळायचा विचारही करू नका, शून्य टक्क्याचं कर्ज थकवून 13.5 टक्क्यांचं फेडण्यात तोटाच आहे. पण मग तीन लाखांचं कर्ज त्या एका बिलातून सुटत नाही. व्याज दरमहा भरलं असेल तर 20,000 कमी पडतील, काहीच भरलं नसेल तर 40,535. आणि एकाच पावतीवर सगळे दागिने असतील, तर वीस हजारांसाठी सगळे दागिने तिथेच राहतील. अर्धे पैसे भरल्यावर अर्धे दागिने द्या म्हटलं तर बहुतेक ठिकाणी आधी खातं बंद करून नवं उघडायला लावतात, पुन्हा मूल्यांकन, पुन्हा फी.

त्यासाठी कर्ज दोन खात्यांत घ्या: एक 2 लाखांचं, दुसरं 1 लाखाचं, दोन वेगळी पाकिटं, दोन पावत्या. फी दोनदा लागेल का, हे आधी विचारून घ्या. वहिनींना जे लवकर हवंय, मंगळसूत्र किंवा सणाला लागणारा दागिना, ते मोठ्या पाकिटात ठेवा. बिल आलं की 2 लाखांचं खातं पूर्ण बंद करून ते पाकीट घरी आणा आणि राहिलेले 80,000 दुसऱ्या खात्यात भरा. मग बाकी 20,000, त्याचं 13.5 टक्क्यांनी महिन्याला 225 रुपये व्याज. ते दुधातून सहज जाईल. हेच 20,000 कंपनीकडे राहिले असते, तर त्यांच्यावरही 30 दिवसांचं घड्याळ चालूच राहिलं असतं.

कंपनीने दागिन्यांची किंमत 4,20,000 धरून 'तुम्हाला 3,36,000 पर्यंत मिळतील' असं सांगितल्याचं लिहिलंत. वरचे 36,000 घेऊ नका. रिझर्व्ह बँकेचे 6 जून 2025 चे सोने-चांदी तारणाचे नियम 1 एप्रिल 2026 पासून सगळ्यांना बंधनकारक आहेत. त्यानुसार घरगुती कारणासाठीच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत तारणाच्या किमतीच्या 85 टक्के, अडीच ते पाच लाखांना 80 आणि त्यापुढे 75 टक्के अशी मर्यादा आहे. एकरकमी परतफेडीच्या कर्जात ही मर्यादा मुदतीअखेर देय होणाऱ्या व्याजासकट मोजायची असते. तीन लाख आणि 24 टक्क्यांचं व्याज मिळून 3,35,507 होतात, म्हणजे तुमची मर्यादा तीन लाखांतच भरली. कोणी 3,36,000 रोख देऊ करत असेल, तर एकरकमी कर्जात ते बसत कसं हे त्याला विचारा. आणि हे टप्पेसुद्धा लाइट बिलासारखे नाहीत: 3 लाखांच्या दागिन्यांचे 85 टक्के 2,55,000 होतात, पण रक्कम अडीच लाखांच्या वर गेली की सगळ्यालाच 80 टक्के लागू, म्हणजे 2,40,000. त्यामुळे तिथे 2,50,000 वरच थांबावं लागतं.

कुठेही गेलात तरी सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ते देणं सक्तीचं आहे आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत, मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर म्हणून फीसकटचा एकच आकडा असतो. टप्प्यांच्या योजनेत तो आकडा कोणता दर धरून काढलाय ते बघा. 12 धरून काढला असेल तर तुमच्यासारख्या एकरकमी फेडणाऱ्याला तो निरुपयोगी आहे. मग अधिकाऱ्याला एवढंच म्हणा: "मी 180व्या दिवशी सगळं एकदम भरलं तर किती रुपये लागतील, ते या कागदावर लिहून द्या." टक्केवारीच्या गप्पा मारण्यापेक्षा हा एक रुपयांचा आकडा सगळं उघड करतो. न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळतं का, कमीत कमी किती दिवसांचं व्याज लागतं आणि मुदतीआधी सोडवलं तर वेगळा आकार आहे का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

सगळं वाचूनही तुम्ही कंपनीकडेच गेलात, किंवा हे उत्तर पोहोचेपर्यंत सही झाली असेल, तर तारखांचं गणित डोक्यात पक्कं ठेवा. 30 दिवस म्हणजे महिना नव्हे. 12 ऑक्टोबरला घेतलेल्या कर्जाचं व्याज 12 नोव्हेंबरला भरायला गेलात तर तो एकतिसावा दिवस असतो आणि 15 टक्के लागून जातात. कर्ज दिल्याचा दिवसही धरत असतील तर 11 नोव्हेंबरलाही उशीर झालेला असेल. शेवटचा दिवस रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत आला तर आणखी गोंधळ. म्हणून दर 28 दिवसांनी भरा, आणि पुढचे 28 दिवस भरल्या तारखेपासून मोजा. मोबाइलवरून भरत असाल तर पैसे 'व्याज' म्हणून जमा झाल्याची पावती बघा. तिसाव्या दिवशी भरताना 2,959 ऐवजी गोल 2,900 भरले की राहिलेल्या 59 रुपयांपायी त्या महिन्याची सवलत नाकारली जाऊ शकते, तेव्हा 3,000 भरा. त्यासाठी दुधाच्या प्रत्येक बिलातून हजार रुपये डेअरीतून येतानाच वेगळे ठेवावे लागतील.

दागिने देताना मूल्यांकनाचा दाखला घ्या. त्यावर प्रत्येक दागिन्याचं एकूण वजन, खडे, मणी आणि लाख वजा करून निव्वळ वजन आणि शुद्धता वेगवेगळी लिहिलेली हवी. घरी त्यांचा फोटो काढून ठेवा. सोडवताना पाकिटाचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्याच दाखल्यावरून वजन करून घ्या. पूर्ण पैसे भरल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर 7 कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. देणाऱ्याच्या चुकीने त्याहून उशीर झाला, तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तुम्हाला देय आहे.