तारकर्लीहून स्कापा फ्लोला: काय आणावं, काय विकून यावं

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरात ॲबरडीनला नोकरीवर रुजू होताय, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी, तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग ॲडव्हान्स्डपर्यंत शिकून झालंय आणि स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या उपसागरात बुडालेली जर्मन जहाजं बघायची आहेत, तर डायव्हिंगचं सामान पुण्याहून आणावं का? व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

मास्क आणि मनगटावरचा, खोली-वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणा. ५ मिमीचा वेटसूट विकून टाका, इथल्या थंडीत ड्रायसूट लागतो, म्हणजे आत पाणी न शिरणारा, हवा भरायचा सूट. बुटासारख्या पाय आत घालायच्या फिन्स ड्रायसूटच्या जाड बुटांवर चढत नाहीत, त्याही विका. रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरातल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडात देणाऱ्या यंत्राचं, मात्र नीट बघा. दाब उतरताना हवा गार होते. मुळात पाणीच ६-७ अंशांचं असलं की फर्स्ट स्टेजमध्ये (सिलिंडरावर बसणाऱ्या भागात) बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो धो वाहायला लागते. थंड पाण्यासाठीचा, बाहेरून सीलबंद डायफ्रामचा (पडद्याचा) घ्या. सिलिंडराची जोडणी डिनची, म्हणजे आट्यांनी आत बसणारी हवी, इथे तीच जास्त चालते. बोटीवर पाण्याबाहेर त्यातून उगाच श्वास ओढत बसू नका. तळाशी सूटमध्ये हवा भरण्याचं बटण अर्ध्या सेकंदाच्या टप्प्यांत दाबायचं, श्वास घेता घेता नाही.

आता जहाजं. २१ जून १९१९ ला जर्मनांनी नजरकैदेतलं आपलंच आरमार इथे बुडवलं: ७४ पैकी ५२ जहाजं. बहुतेक नंतर वर काढून भंगारात गेली. मोठ्यांपैकी सात उरलीत. क्योनिग, मार्कग्राफ आणि क्रोनप्रिंझ विल्हेल्म या तीन युद्धनौका उलट्या पडल्यात, म्हणजे वरून दिसते ती नुसती पालथी पाठ, आणि तोफा बघायला खाली ३५ मीटरच्या पलीकडे जावं लागतं. तुमचा परवाना ३० मीटरचा, तेव्हा मार्कग्राफचं नाव दोन वर्षं काढू नका. सुरुवात कार्ल्सरूह या लहान क्रूझरपासून करा, तळ साधारण २६ मीटर. मग जास्त खोलीचा डीप कोर्स करून क्योल्न, तीही क्रूझरच: ३५-३६ मीटरवर उजव्या कुशीवर आडवी, सगळ्यांत कमी मोडलेली.

३५ मीटरवर दाब साडेचार बार, म्हणजे वरच्या साडेचार पट. वरती मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर तिथे ९०. बारा लिटरच्या एका सिलिंडरात २०० बारला २४०० लिटर, म्हणजे राखीव काही न ठेवता २६ मिनिटं. थंडीत आणि घाबरल्यावर त्याहून कमी. म्हणून इथे पाठीवर जोड-बारा, म्हणजे बारा लिटरची दोन सिलिंडरं दिसतात. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) २८ टक्क्यांचं घ्या, ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही या हिशोबाने ते ४० मीटरपर्यंत चालतं. ३२ टक्क्यांचं ३३ मीटरलाच संपतं.

ड्रायसूटने पहिली दहा डाइव्हं उथळातच करा. वेटसूटपेक्षा चार-सहा किलो शिसं जास्त लागतं. पाय वर गेले की हवा बुटांत जमते आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. तसं झालं तर गुडघे छातीशी, गोलांटी, डावा खांदा वर आणि झडप उघडी. हे अंगवळणी पडल्याशिवाय जहाजाकडे जायचं नाही. जहाजात शिरायचा तर विचारही नको. आणि तिथलं काही उचलायचं नाही. ही सातही जहाजं कायद्याने संरक्षित आहेत, साधा खिळासुद्धा गुन्हा ठरतो. रॉयल ओक ही इथे बुडालेली ब्रिटिश युद्धनौका म्हणजे युद्धसमाधी, तिथे डायव्हिंगला बंदी.

डायव्हिंग क्लबचा वैद्यकीय फॉर्म घरी निवांत वाचा. लहानपणच्या दम्याला, बीपीच्या गोळीला ‘हो’ लिहिलंत की डायव्हिंगच्या डॉक्टरची सही लागते. ती नेहमीच्या जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) बहुधा मिळत नाही, पैसे वेगळे पडतात. पण ते टाळायला खोटं ‘नाही’ लिहू नका. फॉर्मवरून आठवलं, मुलीच्या शाळेचेही वाचून सही करा. वयावरून पी-३ किंवा पी-४ (प्राथमिकची तिसरी किंवा चौथी) मिळेल, पुण्यातली इयत्ता कोणी विचारणार नाही. माझ्या मुलाच्या कागदावर ‘इंग्रजी कच्चं’ असा शेरा होता. घरी तो जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचायचा. मी मुकाट सही केली. त्याला आता आठवतही नाही, मला आठवतं. शिवाय स्कॉटलंडात शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते आणि ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस बंदरातल्या डायव्हिंगच्या बोटी शनिवार ते शनिवार बुक होतात, तेव्हा सुट्ट्यांचं आधी घरात ठरवा.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. क्लब धरा.

हां, ड्रायसूटची चेन. पुढून तिरकी असते ती आपली आपण लावता येते, पाठीवरची दुसऱ्याने लावावी लागते. सगळे पुढची घ्या म्हणतील आणि त्यांचं बरोबर आहे. मीही पुढचीच घेतली, कोणाला विनवण्या नकोत म्हणून. मग वर्षभर बोटीवर सगळे एकमेकांच्या चेनी लावत असताना मी तयार होऊन कोपऱ्यात बसलेलो असायचो. बसत असेल तर पाठीवरची घ्या. दर डाइव्हनंतर चेनच्या दातांना मेण लावा, आणि लावणाऱ्याला शेवटचं टोक बोटाने चाचपायला सांगा. अर्धा सेंटिमीटर उघडी राहिली तरी आतले कपडे भिजतात आणि त्या दिवशीचं डायव्हिंग तिथेच संपतं.