वर्किंग फॅमिलीज पार्टी डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत नाक का खुपसते, याबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्किंग फॅमिलीज पार्टी (न्यूयॉर्कमध्ये उभा राहिलेला एक लहान डावा पक्ष) वेगळा पक्ष आहे ना, मग राष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतःचा उमेदवार द्यायचा सोडून डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या आतल्या निवडणुकीत) कधी बर्नी सँडर्स, कधी एलिझाबेथ वॉरन असा पाठिंबा कशाला जाहीर करते, आणि त्याचा कुणाला काही उपयोग होतो का. वर एकदोघांनी "सगळी डेमोक्रॅट्सची बी टीम आहे" म्हणून विषय मिटवलाय, पण ते इतकं सरळ नाहीये. मी न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं राहतोय आणि या पक्षाची नाटकं जवळून बघितलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी न्यूयॉर्कची एक खासियत समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. इथे एकाच उमेदवाराला दोन-तीन पक्ष उमेदवारी देऊ शकतात, याला फ्यूजन म्हणतात. म्हणजे नोव्हेंबरात बॅलट हातात आलं की एकच नाव दोनदा दिसतं. 2024 ला कमला हॅरिस डेमोक्रॅटिकच्या ओळीत होत्या आणि परत वर्किंग फॅमिलीजच्या ओळीतही होत्या, तसंच ट्रम्प रिपब्लिकनच्या आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या. तुम्ही एकाच ठिकाणचा गोल काळा करायचा. चुकून दोन्हीकडे केला तर मत एकच धरतात आणि ते पहिल्या ओळीच्या खात्यात जातं. उमेदवाराला सगळ्या ओळींची बेरीज मिळते, पण कुठल्या ओळीवर किती मतं पडली ते वेगळं मोजून जाहीर होतं, आणि खरी गंमत इथेच आहे. आपल्याकडे आठवले गटाचा माणूस कमळावर लढला की त्यातली गटाची स्वतःची मतं किती हे कुणालाच कधी कळत नाही, ज्याने त्याने आपापला आकडा फेकायचा. इथे लहान पक्षाला निकालाच्या कागदावर दाखवता येतं की साहेब, तुमच्या मतांपैकी एवढी आमच्या ओळीवरची आहेत.

आणि ती कधीकधी निर्णायक ठरलेली आहेत. 1960 ला केनेडींनी न्यूयॉर्क साधारण 3 लाख 84 हजारांनी जिंकलं, आणि लिबरल पार्टीच्या ओळीवर त्यांना 4 लाखांच्या वर मतं होती. 1980 ला रेगन यांनी हे राज्य दीड-पावणेदोन लाखांच्या फरकाने घेतलं, तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीच्या ओळीवर त्यांना अडीच लाखांच्या आसपास मिळाली होती. आता ही सगळी मतं नाहीतर मिळालीच नसती असं अजिबात नाही, बहुतेकांनी तसंही त्यांनाच दिलं असतं, पण वाटाघाटीच्या टेबलावर बसल्यावर आकडा तो आकडा. उलटी बाजू 1948 ला दिसली, अमेरिकन लेबर पार्टीने डेमोक्रॅट ट्रूमनना सोडून हेन्री वॉलेसना ओळ दिली, वॉलेसना 5 लाख मतं पडली आणि रिपब्लिकन ड्यूईंनी 61 हजारांनी न्यूयॉर्क मारलं. म्हणजे ओळ देण्यातही ताकद आणि न देण्यातही.

बाकी बहुतेक राज्यांत फ्यूजनला बंदी आहे. वर्किंग फॅमिलीज ज्यांनी 1998 ला उभी केली त्यातल्या काही लोकांचा आधी न्यू पार्टी नावाचा प्रयोग होता, त्यांनी मिनेसोटाच्या बंदीविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टापर्यंत केस नेली आणि 1997 ला 6-3 ने हरले. कोर्ट म्हणालं की राज्यांना अशी बंदी घालता येते. मग जिथे फ्यूजन चालतं तिथेच दुकान मांडायचं ठरलं, तेव्हा न्यूयॉर्क. ग्रीन किंवा लिबर्टेरियन या दुसऱ्या लहान पक्षांचे लोक प्रायमरीत असा पाठिंबा सहसा का देत नाहीत याचं उत्तरही यातच आहे, त्यांचा सगळा धंदाच स्वतःचा उमेदवार उभा करण्यावर चालतो, तो नसेल तर बॅलटवर दिसायलाच काही उरत नाही.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं की राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीतला लहान पक्षाचा पाठिंबा हा मतांचा व्यवहार नसतोच. प्रायमरी ही मोठ्या पक्षाची घरातली निवडणूक, तिच्या बॅलटवर वर्किंग फॅमिलीजची ओळच नसते. तिथे पक्ष देतो काय, तर नाव, थोडे फोन करणारे आणि दारोदार फिरणारे लोक, आणि "डाव्या गटांची खरी पसंती कोण" या वादात एक प्रमाणपत्र. त्या बदल्यात राष्ट्रीय बातम्यांत नाव येतं, देणगीदारांच्या आणि नवीन कार्यकर्त्यांच्या याद्या वाढतात. आणि याची किंमत मोजावी लागते ती पक्षाच्या आतमध्ये.

मतं नसतात म्हणजे किती नसतात ते 2016 ला बघा, हे मला अजून हसू आणतं. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद प्रकारची, म्हणजे डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तरच डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत. ती होती 19 एप्रिल 2016 ला, आणि आधीच दुसऱ्या पक्षात नोंद असलेल्याला पक्ष बदलायची शेवटची तारीख होती 9 ऑक्टोबर 2015, सहा महिन्यांहून जास्त आधी! (याच नियमात ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिकही अडकली, वडलांना मत देता आलं नाही.) आणि वर्किंग फॅमिलीजने सँडर्सना पाठिंबा जाहीर केला डिसेंबर 2015 मध्ये, सदस्यांच्या ऑनलाईन मतदानात त्यांना 87.4 टक्के मिळाले म्हणून वाजतगाजत. म्हणजे पक्षाच्या स्वतःच्या राज्यात, पक्षाचे जे पक्के, मतदार नोंदणीच्या फॉर्मवर त्याच नावापुढे खूण केलेले सदस्य होते, नेमके त्यांनाच पक्षाच्या उमेदवाराला मत द्यायची सोय उरली नव्हती. सँडर्स न्यूयॉर्क 58-42 ने हरले. त्या सदस्यांमुळे हरले असं मी म्हणत नाहीये, ते आहेतच हजारांत आणि नोंदणीकृत डेमोक्रॅट्स पन्नास लाखांच्या वर, पण प्रकार काय आहे तो लक्षात यावा.

जाता जाता, तुम्ही नवीन नागरिक आहात आणि फॉर्म भरताय म्हणून सांगतो. तो नियम आता सैल झालाय, पण तरी पक्ष बदलायचा तर 14 फेब्रुवारीच्या आत बदलावा लागतो, नाहीतर तो बदल जूनची प्रायमरी उरकल्यावर लागू होतो. डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत द्यायची इच्छा असेल तर तिथेच नोंद करा, नोव्हेंबरात वर्किंग फॅमिलीजच्या ओळीवर खूण करायला त्या पक्षाचं सदस्य असावं लागत नाही, ती सगळ्यांना मोकळी आहे. आणि "कुठलाच पक्ष नको" असेल तर तशी वेगळी खूण असते ती नीट वाचून करा, मागे इंडिपेंडन्स पार्टी नावाचा एक पक्ष होता तेव्हा कित्येक लोक स्वतःला अपक्ष समजून त्याचे सदस्य होऊन बसले होते.

बरं, आतली किंमत म्हणालो ती 2019 ला चुकवावी लागली. सप्टेंबर 2019 मध्ये पक्षाने जाहीर केलं की या वेळी वॉरन: 60.91 टक्के वॉरन, 35.82 सँडर्स. चार वर्षांपूर्वी ज्यांना 87 टक्के दिले त्यांना 36? बर्नीवाले भडकलेच. कारण मतदानाची रचना अशी होती की अर्धं वजन हजारो सदस्य-समर्थकांच्या मतांना आणि उरलेलं अर्धं नॅशनल कमिटीच्या काही डझन लोकांना, आणि दोन्हींचे वेगवेगळे आकडे द्यायला पक्षाने साफ नकार दिला. आता साधा हिशोब करा, कमिटीतलं एकही मत सँडर्सना गेलं नाही असं धरलं तर सदस्यांमध्ये ते 71 टक्क्यांवर असू शकतात. उलट सदस्यांमध्येसुद्धा वॉरन आरामात पुढे असू शकतात. एकत्रित आकड्यावरून दोन्ही शक्य आहे, म्हणून तर आकडे द्या आकडे द्या अशी ओरड. ज्या पक्षाची सगळी पत "आमची मतं वेगळी मोजून दाखवा" यावर उभी आहे त्यानेच आपल्या घरातली मतं वेगळी मोजून दाखवली नाहीत, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही. मात्र त्यानंतर ऑनलाईन जे झालं ते घाण होतं. पक्षाचे डायरेक्टर मॉरिस मिचेल कृष्णवर्णीय, त्यांना आणि इतर पदाधिकाऱ्यांना वर्णद्वेषी शिव्या आणि धमक्या गेल्या. तक्रार रास्त असली म्हणून त्याचं समर्थन होत नाही.

आणि एवढं रामायण होऊन पदरात काय पडलं? 5 मार्च 2020 ला वॉरन बाहेर पडल्या, काही दिवसांत पक्ष परत सँडर्सकडे, 8 एप्रिलला सँडर्सही थांबले. ऑगस्टमध्ये बायडनना पाठिंबा. एका वर्षात तीन उमेदवार.

राज्याच्या निवडणुकीत प्रायमरीतला पाठिंबा याहून महाग पडतो, कारण तिथे पाठिंब्याबरोबर ओळही दिली जाते आणि एकदा दिलेली ओळ सहजासहजी परत घेता येत नाही. 2018 ला पक्षाने काँग्रेससाठी जुनेजाणते जो क्रॉली यांना ओळ दिली, प्रायमरीत त्यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझनी आडवं केलं, आणि पक्ष विनवण्या करतोय तरी क्रॉली नोव्हेंबरच्या बॅलटवरून हटेनात. इथल्या कायद्यात नाव काढायचे मार्ग म्हणजे मरा, राज्य सोडा, गुन्ह्यात दोषी ठरा किंवा दुसऱ्या कुठल्या पदाची उमेदवारी घ्या. त्याच वर्षी गव्हर्नर कुओमोंविरुद्ध अभिनेत्री सिंथिया निक्सनना ओळ दिली, मोठ्या युनियन आधीच पक्ष सोडून गेल्या, निक्सन प्रायमरी हरल्या, मग त्यांना विधानसभेच्या एका जागेवर कागदोपत्री सरकवून गव्हर्नरपदाची ओळ मोकळी केली आणि दिली कुणाला, तर कुओमोंनाच. नाक दाबून. का, तर तेव्हा गव्हर्नरच्या निवडणुकीत ओळीवर 50 हजार मतं पडली नाहीत तर पक्षाची मान्यता, म्हणजे बॅलटवरची हक्काची ओळ, जायची. ओळ प्रायमरीआधीच देऊन अडकायचा हा फास राष्ट्राध्यक्षपदाला नाही, तिथली ओळ प्रायमरी संपल्यावर राज्य कमिटी ठरवते, म्हणून प्रायमरीत सँडर्स-वॉरन असं बिनधास्त खेळता येतं.

तर "बी टीम" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं की ऑगस्ट 2020 मध्ये बायडनना पाठिंबा देताना पक्षापुढे वैचारिक प्रश्न नव्हताच, जगायचा प्रश्न होता. त्याच एप्रिलमध्ये कुओमोंनी बजेटमधून नियम बदलून घेतला होता: आता दर दोन वर्षांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतही, 1 लाख 30 हजार किंवा एकूण मतांच्या 2 टक्के, यात जे जास्त असेल तेवढी मतं ओळीवर हवीत. निक्सनचा राग काढला असं बरेच जण म्हणतात, मलाही तसंच वाटतं. स्वतःचा वेगळा उमेदवार दिला असता तर तेवढी मतं कुठून आणणार होते? बायडन ओळीवर होते म्हणून 3 लाख 86 हजारांच्या आसपास पडली आणि पक्ष वाचला, कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीवाले ट्रम्प यांच्या जोरावर वाचले. ग्रीन, लिबर्टेरियन, इंडिपेंडन्स या सगळ्यांची मान्यता त्या एका रात्रीत गेली.