तालुक्याच्या गावी आयईएल्टीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या तयारीसाठी वर्गात कोणते उपक्रम घ्यावेत?

वर्गात बारा-पंधरा विद्यार्थी आहेत आणि संगणक नाही, हे लक्षात घेता सर्वाधिक वेळ बोलण्याला द्यावा, असे माझे मत आहे. आपल्या मुलांचे व्याकरण बरे असते, पण तोंड उघडत नाही.

या परीक्षेतील बोलण्याची चाचणी मुलाखतीसारखी असते; तिच्या दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर १ मिनिट तयारी करून १ ते २ मिनिटे सलग बोलायचे असते. जोड्या करून एकाच्या हाती मोबाइलचे घड्याळ द्यावे आणि सुरुवातीचे विषय ओळखीचे घ्यावेत, जसे की आठवडी बाजार किंवा संत्र्याची बाग. माझ्या वर्गातील एक मुलगी पोळ्यावर बोलताना ‘झूल’ या शब्दापाशी अडली, तेव्हा मी शब्द न पुरवता तिला ‘बैलाच्या पाठीवरचे सजवलेले कापड’ असे इंग्रजीत वर्णन करायला लावले. असे वळसा घालून सांगता येणे हे परीक्षक शब्दसंपत्तीच्या निकषात पाहतात.

श्रवण चाचणीत ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते, म्हणून मुलांनी कितीही आर्जव केले तरी ते पुन्हा लावू नये.

परीक्षेच्या शैक्षणिक (अकॅडेमिक) प्रकारातील लेखनाच्या पहिल्या प्रश्नासाठी बाजार समितीतील कापसाच्या भावांचा तक्ता फळ्यावर लिहून किमान १५० शब्दांत वर्णन करून घ्यावे. मात्र शेतकऱ्यांची मुले लगेच भाव का पडला हे लिहू लागतात (तो विषयच जिव्हाळ्याचा!), आणि प्रश्न तर आकडे काय दाखवतात एवढाच असतो.