नावं कोणी ठेवली, ते आधी विचार

प्रिय भाऊ,

पेपरासाठी लिहिलेल्या तुझ्या दोन्ही कॉप्या वाचल्या. रावेरच्या शेतकऱ्यावरच्या फीचरमध्ये पहिल्याच ओळीत 'अवलिया' टाकलायस. अरे, पेपरात सायकलवर फिरणारा मास्तर अवलिया, जुनी नाणी जमवणारा कंडक्टर अवलिया, फी न घेणारा डॉक्टर पण अवलियाच, वाचणाऱ्याला त्यातून काय कळतं सांग बरं? केळीच्या पट्ट्यात राहून त्याने केळी का सोडली, घरी त्यावरून काय भांडणं झाली, पैसे किती निघाले, हे लिही की. ते नीट आलं तर विशेषण लागतच नाही.

आणि बाईला अवलिया म्हटलेलं तू कधी वाचलंस का? पुरुष जगावेगळं वागला तर अवलिया नाहीतर छांदिष्ट, फार तर चक्रम, आणि बाई तसंच वागली की लगेच 'डोक्यावर पडलेली', 'जास्तीची शहाणी'. गरीब असला तर गडीमाणूस पण सुटत नाही म्हणा, "येडा शे तो" म्हणून लोक मोकळे होतात.

बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये वेगळं दिसणारं झाड 'भेसळ' म्हणून उपटतात, बरोबरच आहे, तिथे बियाणं शुद्ध पाहिजे. तेच झाड शेजारच्या साध्या शेतात असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. माणसांच्या बाबतीत पण मी हेच बघतो, नाव कुठलं पडलं यापेक्षा ते ठेवलं कोणी आणि त्यात त्याचा फायदा काय.

आता दुसरी कॉपी, धडगावची. हेडिंग दिलंयस 'डाकीण महिलेला मारहाण'. म्हणजे ती डाकीण आहे हे आपणच छापून टाकलं! 'डाकीण ठरवून मारहाण' असं कर. मग वाचणारा लगेच विचारेल की ठरवलं कोणी, भगताने, भाऊबंदांनी की शेजाऱ्याने, आणि तुझी बातमी खरी तिथून सुरू होते. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे हे जुनं दुखणं आहे, कोणाचं पोर आजारी पडलं, गुरं मेली की बोट एखाद्या बाईकडे जातं, आणि ती बऱ्याचदा विधवा नाहीतर एकटी राहणारी असते, कधी तिच्या नावावर तुकडाभर जमीन पण असते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्यावर करणी-चेटकाचा असा शिक्का मारणं हाच गुन्हा आहे, 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार दंड. पोलिसांनी नुसतं मारहाणीचं कलम लावलं असेल तर हे का नाही लावलं ते विचार, आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं छाप. बाईचं नाव आणि फोटो मात्र अजिबात नको, तिला त्याच गावात राहायचंय.

कायद्याने शब्द दिलाय तिथे तो वापर, पण समोरच्याला पण विचार. दिव्यांग हा शब्द काहींना आवडतो, काहींना त्याचा राग येतो. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार धरलेत, 1995 च्या कायद्यात 7 होते, त्यामुळे 'अपंग' म्हटलं की नुसती कुबडी डोळ्यापुढे आणू नको. तृतीयपंथीयांना तर सुप्रीम कोर्टाने 2014 लाच ओळख दिली, तरी हेडिंगांमध्ये अजून चेष्टा चालते, तू त्यात पडू नको.

आणि हो, रावेरच्या फीचरमध्ये 'आपल्या गावरान भाषेत ते सांगतात' असं लिहिलंयस ते काढ, आपण आपल्याच लोकांच्या बोलण्याला असं वरून काय बघायचं. माणूस जे बोलला ते तसंच्या तसं दे.

धडगावला परत जाशील तेव्हा ती बाई तिच्या पावरी बोलीत बोलेल, दुभाष्या तिच्या भाऊबंदांपैकी घेऊ नको, दुसऱ्या पाड्यावरची एखादी आशाताई बघ. आणि येताना तलाठ्याकडून तिच्या शेताचा सातबारा काढून आण, वारस नोंदीला कोणी हरकत घेतलीय का तेवढं बघ.

तुझा,
नाना