वाचक विचारतात : सकाळी डोंगर, मग समुद्र

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की सकाळी एखादा छोटा डोंगर चढून उतरायचा आणि तिथून थेट समुद्रावर जायचं हा माझा सगळ्यात लाडका सुट्टीचा प्रकार, तर त्यावर इतके प्रश्न आले की बाकी विषय या वेळी बाजूला ठेवतोय. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : आमच्याकडे एकच दिवस आहे. डोंगर साधारण ४०० मीटर चढाचा, जायला ४ किलोमीटर यायला ४, आणि पायथ्यापासून समुद्र गाडीने अर्धा तास. मित्र म्हणतायत आधी समुद्रावर डुंबू आणि संध्याकाळी वर जाऊन सूर्यास्त बघू. मला उलटं बरोबर वाटतंय. भांडण चालू आहे, निकाल द्या.

निकाल तुमच्या बाजूने. मित्रांचा प्लॅन ऐकायला भारी आहे पण सूर्यास्त वरून बघायचा म्हणजे उतरायचं अंधारात, तेही दिवसभर उन्हात आणि पाण्यात दमलेल्या पायांनी, आणि पाय मुरगळतात ते चढताना कमी, उतरतानाच जास्त. शिवाय आधी समुद्र केलात की बुटात वाळू जाणारच, कितीही झटका, आणि वाळू मोज्यात घेऊन ८ किलोमीटर चालणं म्हणजे टाचेला सँडपेपर लावून चालणं.

अजून एक कारण आहे जे लोकांच्या लक्षात येत नाही. ऊन वर आलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. हा वारा दमट असतो, त्याला वाटेत डोंगर आडवा आला की तो वर चढतो, चढता चढता गार होतो आणि मग माथ्यावर ढग बसतो. म्हणून किनाऱ्याजवळच्या डोंगरावर सकाळी सगळं स्वच्छ दिसतं आणि दुपारी तिथे जाऊन आपण पांढऱ्या भिंतीचे फोटो काढत बसतो. आणि वर गार असेल या आशेवर दुपारी निघू नका, १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे तुमच्या ४०० मीटरला अडीच-एक अंश, तेवढा फरक तर एखाद्या झाडाच्या सावलीतही जाणवतो.

आता वेळेचं गणित. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला होता, तो अजून वापरतात. त्याने मैल आणि फुटात सांगितला, आपल्या मापात तो असा : सपाटीवर ५ किलोमीटरला १ तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला अजून १ तास. तुमच्या डोंगराला चालीची साधारण ५० मिनिटं अधिक चढाची ४०, म्हणजे वर पोचायला दीड तास. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे, फोटो, पाणी, "एक मिनिट थांबा रे" हे त्यात नाही. ग्रुप असेल तर मी सरळ दीडपट करतो. सव्वादोन तास वर, अर्धा तास माथ्यावर, उतरायला पावणेदोन, असे साडेचार तास धरा. सातला चालायला लागलात तर साडेअकराला खाली, म्हणजे ऊन डोक्यावर यायच्या आत.

पण सातला निघायचं हे डोंगर बघून ठरवू नका, भरतीचं टाइमटेबल बघून ठरवा! लोक हेच उलटं करतात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, एका भरतीपासून पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी, त्यामुळे रोजची वेळ ५० एक मिनिटांनी पुढे सरकते. एका आठवड्यात जवळपास ६ तासांचा फरक पडतो, म्हणजे मागच्या रविवारी मित्र गेला तेव्हा चारला मस्त लांबलचक ओली वाळू होती, तर या रविवारी चारला तिथे पाणी असेल. मी आधी ओहोटी किती वाजता ते बघतो, तिच्या तास-दीड तास आधी किनाऱ्यावर पोचायचं असं धरतो आणि तिथून मागे मोजत येतो, गाडीचा वेळ, कपडे बदलायचा वेळ, एक तास सावलीत आडवं पडायचा वेळ (हा कापू नका), उतरण, माथा, चढण, आणि शेवटी गजराची वेळ. गजर पहाटे अडीचचा निघाला तर तारीख बदला.

प्रश्न : किनाऱ्यावर सामान कुठे ठेवायचं? गेल्या वेळी आमच्या एका सॅकपर्यंत पाणी आलं.

सॅकच ना, माझे बूट गेलेत. डोंगर उतरून आलो होतो, पाय नुसते पेटले होते, बूट-मोजे काढून एका खडकावर ठेवले आणि अनवाणी पाण्याच्या कडेकडेने लांब निघून गेलो. निघालो तेव्हा खडक आणि पाणी यांच्यात चांगली ३० पावलं वाळू होती आणि मला वाटलं भरती काय, हळूहळू येते. हळूहळू येत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे साधारण ६ तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढणाऱ्या पाण्याचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी वर येतं. सुरुवातीला संथ बघून माणूस निर्धास्त होतो आणि मी नेमका त्या मधल्या दोन तासांत फिरत होतो. परत आलो तर खडकाच्या डोक्यावर फेस, एक मोजा तेवढा किनाऱ्याला लागलेला.

तर सामान कुठे? वाळूवर सुकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा अशी एक वेडीवाकडी रेघ दिसते, ती मागच्या भरतीची खूण. तिच्या बऱ्याच वर ठेवा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा अजून वर. आणि कड्याच्या पायथ्याने चालत पलीकडच्या पुळणीवर जाणार असाल तर पाणी चढायला लागायच्या आत परत या, कारण मागे कडा आणि पुढे पाणी असं अडकणारे लोक असतात, आणि ते चांगले शहाणे असतात.

प्रश्न : मला पोहता येतं. डोंगर करून लगेच पाण्यात शिरलं तर चालेल ना?

लगेच नको. तलावात तासभर पोहणारी माणसंसुद्धा इथे चुकतात कारण ती पोहायची ताकद मोजतात, उरलेली ताकद मोजत नाहीत. ४००-५०० मीटर चढ-उताराने पोटऱ्या आणि मांड्या आधीच संपलेल्या असतात, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि अशा पायात पाण्यात गोळा यायची शक्यता वाढते. आधी पाणी प्या, काहीतरी खा, सावलीत बसा, घाम सुकू दे, मग कमरेइतक्या पाण्यात जा. गोळा आलाच तर पाठीवर तरंगायचं, गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढायची, हातपाय झाडायचे नाहीत.

दुसरी गोष्ट रिप करंट. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते कुठूनतरी परत जाणार ना, तर ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे जातं. घोळ असा की हा पट्टा दिसायला सगळ्यात शांत असतो, दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये छान गुळगुळीत पाणी, त्यामुळे दमलेला माणूस नेमका तिथेच उतरतो. याचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, ऑलिंपिकवाल्याला पण त्याच्या उलट पोहता येणार नाही. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. तो खाली ओढत नाही, बाहेर नेतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्यातून बाजूला या आणि मग आत वळा. डोंगरावरून उतरताय तेव्हाच, अजून उंचावर असताना, खालच्या किनाऱ्याकडे नीट बघून घ्या, वरून हे पट्टे फार स्पष्ट दिसतात, गढूळ पाण्याच्या समुद्राकडे जाणाऱ्या रेघा. मी फोटो काढून ठेवतो. अर्थात हे पट्टे जागा बदलतात त्यामुळे खाली आल्यावर परत बघायचं, आणि जिथे लाइफगार्ड असेल तिथेच उतरायचं.

प्रश्न : बुटाने फोड आलेत, खाऱ्या पाण्याने बरे होतात असं घरचे म्हणतात. खरं का?

चुरचुरतात एवढं खरं. फोड फुटला नसेल तर पट्टी लावून पाय भिजवा, काही बिघडत नाही. फुटला असेल तर मी पाण्यात नेणार नाही, कोमट समुद्राच्या पाण्यात उघड्या जखमेतून शिरणारे जंतू असतात, आणि ज्यांना लिव्हरचा आजार आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी तर हा धोका अजिबात घेऊ नये. मुळात टाच गरम वाटायला लागली की तिथल्या तिथे थांबून टेप लावायची, "पुढच्या वळणावर बघू" म्हटलं की फोड आलाच समजा.

आणि पायावरून आठवलं, सनस्क्रीन पावलांच्या वरच्या बाजूला पण लावा. सकाळभर बुटात असलेली ती कोरी कातडी दुपारी अचानक उघडी पडते आणि पहिली तीच भाजते. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत लावायचं.

प्रश्न : दिवस मस्त गेला, काही दुखलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. वय झालं का?

नाही हो, उतरण झाली. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना ते ताणले जात असताना ब्रेक लावत असतात, आणि या ब्रेक लावण्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त आणि मग आपोआप जातं. थंड पाण्यात उभं राहिलं की बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवसाचं दुखणं त्याने पूर्ण टळत नाही. एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीला बरंच कमी दुखतं, म्हणून मोठ्या दिवसाआधी दोनेक आठवडे एखादी टेकडी करून ठेवा. उतरताना छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, आणि काठ्या असतील तर खरंच वापरा, गुडघ्यावरचा भार कमी होतो.

प्रश्न : माथ्यावरून समुद्र भिंतीसारखा उभा का दिसतो? मुलीने विचारलं, उत्तर आलं नाही.

कारण क्षितिज आपल्याबरोबर वर येतं. आपण कितीही चढलो तरी ते जवळपास डोळ्यांच्या रेषेत राहतं, किनारा मात्र खाली खाली जातो, मग मधलं सगळं पाणी त्या दोघांच्या मध्ये उभं ताणल्यासारखं दिसतं. वाळूवर उभं राहिलं तर क्षितिज पाचेक किलोमीटरवर असतं, ४०० मीटरवरून ते ७० किलोमीटरच्या पुढे जातं. त्यामुळे सूर्यही वरून दोन-अडीच मिनिटं उशिरा मावळतो. मुलीला गंमत दाखवायची तर सूर्य मावळताना तिला वाळूत आडवी झोपवा, शेवटचा ठिपका गेला की पटकन उभी करा, क्षितिज स्वच्छ असेल तर तो ठिपका क्षणभर परत दिसतो.

प्रश्न : कुत्र्याला न्यावं का?

डोंगर त्याला आवडेल, वाळूचं बघा. पालथा हात ५ सेकंद वाळूवर ठेवा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. प्यायचं पाणी त्याचं वेगळं घ्या आणि समुद्राचं पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब होतात आणि जास्त प्यायला तर प्रकरण गंभीर होतं. आणि गाडीच्या सीटवर जुनी चादर सकाळीच टाकून ठेवा, ओला कुत्रा विचारून अंग झटकत नाही.